घरची बोली आणि शाळेची भाषा : मॅसिडोनियाची कथा

श्रोतेहो, मॅसिडोनिया हे नाव कानावर आले की आपल्यापैकी बहुतेकांना एकच माणूस आठवतो, तो म्हणजे शिकंदर. झेलम नदीच्या काठी पोरसाशी लढणारा हा राजा आपल्या शाळेच्या इतिहासात ठाण मांडून बसलेला आहे. परंतु आज ज्या भाषेविषयी मी बोलणार आहे तिचा शिकंदराशी काडीमात्र संबंध नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. शिकंदर इसवी सनापूर्वी ३२३ साली वारला. आजची मॅसिडोनियन ही स्लाव्ह कुळातील भाषा आहे, म्हणजे रशियन, पोलिश, सर्बियन या भाषांची बहीण. आणि स्लाव्ह लोक बाल्कन मुलखात उतरले ते इसवी सनाच्या सहाव्या-सातव्या शतकात, शिकंदरानंतर सुमारे नऊशे वर्षांनी. मुलखाचे नाव जुने, राहणारे लोक नवे, असा प्रकार आहे. आणि नावाच्या या जुनेपणातूनच पुढची निम्मी भांडणे उपजली.

ही भाषा बोलली जाते ती मुख्यतः उत्तर मॅसिडोनिया या लहानशा देशात. ग्रीसच्या उत्तरेला, बल्गेरियाच्या पश्चिमेला आणि सर्बियाच्या दक्षिणेला हा डोंगराळ मुलूख आहे. स्कोप्ये ही त्याची राजधानी. २०२१ च्या खानेसुमारीत तेथील वस्ती अठरा लाख छत्तीस हजारांच्या आसपास भरली. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या जिल्ह्याएवढी. त्यातही अल्बेनियन बोलणारे पुष्कळ आहेत. एवढ्या थोड्या लोकांच्या भाषेसाठी तीन शेजारी राष्ट्रे शंभर-दीडशे वर्षे का भांडत राहिली? बल्गेरियातील विद्वान म्हणत आले की ही स्वतंत्र भाषा नव्हेच, ही आमच्या बल्गेरियनची पश्चिमेकडची बोली. सर्बियाचे राज्य होते तेव्हा तेथील सरकार म्हणे, ही दक्षिणेकडची सर्बियन. आणि ग्रीसची तक्रार अशी की भाषा कोणतीही असो, तिला मॅसिडोनियन हे आमच्या इतिहासातले नाव लावू नका. ज्यांची ही भाषा, ते खेड्यातले लोक मात्र तिला साधेपणाने 'नाश्की' म्हणत, म्हणजे 'आमची'.

बारा कोसांवर भाषा बदलते, असे आपण म्हणतो. बाल्कनमध्येही तेच आहे. बल्गेरियाच्या पूर्व किनाऱ्यापासून पश्चिमेकडे गावोगाव चालत निघालात, तर बोली थोडीथोडी बदलत जाते. कोठेही कुंपण लागत नाही. अमक्या ओढ्यापर्यंत बल्गेरियन आणि ओढा ओलांडला की मॅसिडोनियन, अशी रेघ जमिनीवर मारता येत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे वादाचे मर्म कळते. बोली देतो तो मुलूख. तिच्यातून प्रमाणभाषा घडवतात ती माणसे. शाळा, देऊळ, छापखाना आणि सरकार यांच्या बळावर.

आता थोडे मागे जाऊ. नवव्या शतकात सालोनिका शहरात, म्हणजे आजच्या ग्रीसमधील थेसालोनिकीत, सिरिल आणि मेथोडियस हे दोघे भाऊ होऊन गेले. इसवी सन ८६३ च्या सुमारास ते मोराव्हिया देशात ख्रिस्ती धर्माचा उपदेश करण्यास निघाले. धर्मग्रंथ लोकांच्या वाणीत असावेत म्हणून त्यांनी स्लाव्ह भाषेसाठी लिपी तयार केली, आणि लिहिण्यासाठी घेतली ती सालोनिकाच्या आसपासची स्लाव्ह बोली. स्लाव्ह लोकांचा पहिला ग्रंथव्यवहार या बोलीतून झाला. पुढे त्यांचा शिष्य क्लेमेंट याला बल्गेरियाचा राजा बोरिस याने ओह्रिद सरोवराच्या प्रदेशात पाठवले. क्लेमेंटने तेथे साडेतीन हजार शिष्य तयार केले, असे त्याचा चरित्रकार सांगतो. शिक्षक मंडळींना ही संख्या ऐकून हेवा वाटेल! आता गंमत बघा. बल्गेरियन पंडित या जुन्या ग्रंथभाषेला 'जुनी बल्गेरियन' म्हणतात, कारण राज्य बल्गेरियाचे होते. मॅसिडोनियन म्हणतात, बोली आमच्या मुलखाची आणि ओह्रिदही आमचे. दोघांच्याही म्हणण्याला आधार आहे. मात्र नवव्या शतकातल्या माणसाला आजच्या राष्ट्राचे ओळखपत्र देता येत नाही, हे दोघेही सोयीस्करपणे विसरतात.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस हा मुलूख तुर्की सुलतानाच्या ताब्यात गेला तो थेट १९१२ पर्यंत. तुर्की राज्यात प्रजेची मोजदाद भाषेवरून होत नसे, धर्मपंथावरून होई. ओह्रिदची जुनी धर्मपीठिका १७६७ साली मोडली आणि तेथील ख्रिस्ती लोक कॉन्स्टँटिनोपलच्या ग्रीक धर्मगुरूंच्या कारभाराखाली आले. त्यामुळे देवळात ग्रीक आणि देवळाच्या शाळेतही ग्रीक. १८७० साली सुलतानाने बल्गेरियन लोकांना वेगळे धर्मपीठ मंजूर केले. ज्या प्रांतातील दोन तृतीयांश लोक मागणी करतील, तो प्रांत नव्या पीठाला जोडावा, असे फर्मान निघाले. झाले! तेव्हापासून गावोगाव ओढाताण सुरू झाली. ग्रीक शाळा, बल्गेरियन शाळा आणि मागाहून सर्बियन शाळा, अशा तीन शाळांची चढाओढ लागली. जो मुलांना अक्षरे शिकवील त्याचे गाव, आणि ज्याचे गाव त्याचा उद्याचा मुलूख, असा हा हिशेब होता.

बितोला शहराजवळचे एखादे घर डोळ्यांसमोर आणा. पणजोबा १८६० च्या सुमारास शाळेत गेले, ते ग्रीक शिकले. आजोबा १८९० च्या सुमारास गेले, ते बल्गेरियन शिकले. वडील पहिल्या महायुद्धानंतर शाळेत गेले, त्यांना सर्बियन शिकावी लागली. १९४१ ते १९४४ या काळात बल्गेरियन फौजा आल्या, तेव्हा शाळेत पुन्हा बल्गेरियन. आणि १९४५ नंतर धाकट्या मुलाच्या हाती पहिल्यांदाच मॅसिडोनियन पुस्तक आले. आडनावाची शेपटीही प्रत्येक राज्याबरोबर बदलली. आजोबा पोपोव, वडील पोपोविच, मुलगा पोपोव्स्की. पण चुलीपाशी आजी जी भाषा बोलत होती, ती या चारही पिढ्यांत तीच होती. हे एखाद्याच कुटुंबाचे दुर्दैव नव्हे. त्या मुलखात असे घडणे हीच रीत झाली होती.

मग या लोकांना आपली भाषा वेगळी आहे असे वाटत होते की नव्हते? याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायचे तर 'काहींना होते, काहींना नव्हते' असेच द्यावे लागते. १८५० च्या दशकात पार्तेनी झोग्राफ्स्की नावाच्या धर्मगुरूने एक समंजस तोड सुचवली होती. बल्गेरियनची प्रमाणभाषा तेव्हा घडत होती. ती केवळ पूर्वेकडच्या बोलींवर उभारू नका, मॅसिडोनियाच्या बोलींनाही तिच्यात जागा द्या, असे त्यांचे म्हणणे. ते मानले गेले नाही, आणि प्रमाण बल्गेरियन पूर्वेकडे झुकली ती झुकलीच. त्या वेळी थोडी सरमिसळ झाली असती, तर पुढचा वाद कदाचित उद्भवलाच नसता.

१८६१ साली स्त्रुगा गावच्या दिमितार आणि कॉन्स्टँटिन मिलादिनोव या भावांनी आपल्या मुलखातील लोकगीतांचा मोठा संग्रह झाग्रेब येथे छापला. सहाशेंहून अधिक गीते त्यात आहेत. दुसऱ्याच वर्षी दोघेही कॉन्स्टँटिनोपलच्या तुरुंगात वारले. आज मॅसिडोनियन लोक त्यांना आपल्या वाङ्मयाचे आद्य मानकरी समजतात. पण ग्रंथावर त्यांनी स्वतः घातलेले नाव 'बल्गेरियन लोकगीते' असे आहे. बल्गेरियन पंडित हे पान दाखवतात, आणि ते खरेच आहे. उलट १८७५ साली ग्योर्गिया पुलेव्स्की या गवंडीकाम करणाऱ्या माणसाने बेलग्रेडला तीन भाषांचा कोश छापला. त्यात मॅसिडोनियन, अल्बेनियन आणि तुर्की या भाषा शेजारी शेजारी मांडल्या आणि मॅसिडोनियन हे वेगळे लोक आहेत असे स्पष्ट लिहिले. हेही पान खरेच आहे.

२ ऑगस्ट १९०३ रोजी, संत एलियाच्या सणाच्या दिवशी, तुर्कांविरुद्ध मोठा उठाव झाला आणि तो चिरडला गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस क्र्स्ते मिसिर्कोव या एकोणतीस वर्षांच्या विद्वानाने सोफियात 'मॅसिडोनियन गोष्टींविषयी' हे छोटे पुस्तक काढले. आम्ही बल्गेरियन नव्हे, सर्बियन नव्हे, ग्रीकही नव्हे. आमची लेखी भाषा प्रिलेप-बितोला भागातील मधल्या बोलीवर उभी करावी, असे त्यांनी मांडले, आणि पुस्तकही त्याच बोलीत लिहिले. त्याच्या फार थोड्या प्रती वाचल्या. हेच मिसिर्कोव पुढे काही लेखांतून बल्गेरियन बाजूने बोलले आणि १९२६ साली सोफियातच वारले, हेही सांगितले पाहिजे. शेजाऱ्यांच्या ओढाताणीत एका माणसाच्याही मनाचे दोन तुकडे होतात, त्याचे हे उदाहरण आहे.

१९१२-१३ च्या बाल्कन युद्धांनी तुर्क गेले. पण मुलूख मोकळा होण्याऐवजी वाटला गेला. ऑगस्ट १९१३ मध्ये बुखारेस्टचा तह झाला. निम्म्याच्या आसपास भाग ग्रीसला, त्याहून थोडा कमी सर्बियाला आणि दहाव्या हिश्श्याएवढा बल्गेरियाला मिळाला. सर्बियाच्या हिश्श्याला 'दक्षिण सर्बिया' म्हणू लागले. ग्रीसच्या हिश्श्यात १९२५ साली एक चमत्कारिक गोष्ट घडली. अल्पसंख्याकांच्या हक्कांविषयी ग्रीसने राष्ट्रसंघाला वचन दिले होते, म्हणून स्लाव्ह बोलणाऱ्या मुलांसाठी अथेन्समध्ये 'आबेसेदार' नावाची अंकलिपी छापण्यात आली, तीही रोमन लिपीत. लिपी रोमन का? तर बल्गेरिया आणि सर्बिया या दोघांशीही मुलांचे नाते जुळू नये म्हणून. दोन्ही शेजाऱ्यांनी आक्षेप घेतला आणि अंकलिपी एकाही शाळेत पोहोचली नाही. पुढे १९३६ मध्ये मेटाक्सास यांची हुकूमशाही आली, तेव्हा ही बोली चारचौघांत बोलण्यावरच बंदी पडली.

सर्बियन भागात राज्य युगोस्लाव्हियाचे, शाळा सर्बियन. तरी बोली छापखान्याच्या वाटेवर येतच होती. १९३९ साली वेलेसच्या कोचो रात्सिन या कामगार कवीने 'शुभ्र पहाट' या अर्थाच्या नावाची कवितांची लहानशी वही दूर क्रोएशियात छापली. तंबाखूच्या मळ्यातील कष्टकऱ्यांचे जिणे त्यांनी घरच्या बोलीत मांडले. म्हणजे पुढे ज्यांनी या भाषेचे व्याकरण लिहिले, त्यांच्यापूर्वी तिच्यात कविता होती.

यानंतरचा टप्पा राजकारणाचा आहे, तो झाकण्यात अर्थ नाही. मॅसिडोनियन हे स्वतंत्र राष्ट्र आहे, असा ठराव साम्यवादी आंतरराष्ट्रीयाने १९३४ मध्येच केला होता. दुसऱ्या महायुद्धात टिटो यांच्या नेतृत्वाखाली लढणाऱ्यांनी तोच धागा उचलला. २ ऑगस्ट १९४४ रोजी, त्याच सणाच्या दिवशी, प्रोहोर प्चिन्स्की मठात सभा भरली आणि मॅसिडोनियन ही राज्याची भाषा ठरली. नोव्हेंबरात स्कोप्ये मोकळे झाल्यावर भाषेची समिती बसली. भाषा ठरली, पण तिची अक्षरे ठरायची होती! वाद कडाक्याचा झाला. बल्गेरियनमध्ये आपल्या ऱ्हस्व 'अ'सारख्या एका स्वरासाठी वेगळे अक्षर आहे. ते ठेवावे असे कवी वेन्को मार्कोव्स्की म्हणत. मधल्या बोलींत तो स्वर जवळजवळ नाही, मग अक्षर कशाला, असे ब्लाझे कोनेस्की म्हणत. कोनेस्की तेव्हा अवघे तेवीस वर्षांचे होते. अखेर ते अक्षर गळले. एका उच्चाराला एक अक्षर या न्यायाने एकतीस अक्षरांची वर्णमाला ५ मे १९४५ रोजी मंजूर झाली आणि ७ जूनला शुद्धलेखनाचे नियम आले. तिच्यातली काही अक्षरे सर्बियनमधून घेतली आहेत, म्हणून ही भाषा बेलग्रेडच्या वळणावर मुद्दाम नेली, असा सोफियाचा आरोप तेव्हापासून आहे. पाया मात्र वेलेस, प्रिलेप, बितोला या मधल्या भागाचा धरला. तो भाग सर्बियनपासून आणि प्रमाण बल्गेरियनपासूनही लांब पडत होता, आणि बहुतेकांना तो समजत होता. पुढे कोनेस्की यांचे व्याकरण १९५२ व १९५४ साली दोन भागांत निघाले आणि तीन खंडांचा कोश १९६१ ते १९६६ या काळात पुरा झाला.

शिक्षकांना आवडेल असा व्याकरणाचा एक नमुना सांगतो. बल्गेरियन आणि मॅसिडोनियन या दोन्ही भाषांनी नामाच्या विभक्ती बहुतेक टाकून दिल्या आहेत. रशियन आणि सर्बियन यांनी त्या सांभाळल्या. या बाबतीत या दोघी सख्ख्या बहिणी होत. पण बघा, 'क्निगा' म्हणजे पुस्तक. 'क्निगाता' म्हणजे ठरावीक, बोलण्यात येऊन गेलेले पुस्तक. हे रूप दोघींतही आहे. मॅसिडोनियनमध्ये मात्र आणखी दोन रूपे आहेत : 'क्निगावा' म्हणजे हे जवळचे पुस्तक आणि 'क्निगाना' म्हणजे ते पलीकडचे. प्रमाण बल्गेरियनमध्ये ही दोन रूपे नाहीत. शिवाय मॅसिडोनियनमध्ये आघात सामान्यतः शब्दाच्या शेवटून तिसऱ्या अक्षरावर पडतो; बल्गेरियनमध्ये तो कोठेही पडू शकतो. एवढा फरक असूनही दोन्ही देशांची माणसे दुभाष्यावाचून एकमेकांशी बोलू शकतात. मग भाषा एक की दोन? केवळ व्याकरणाला विचाराल, तर ते दोन्ही बाजूंना थोडीथोडी साक्ष देईल आणि निकाल देणार नाही.

म्हणूनच निकाल राजकारणाच्या चावडीवर होत राहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर बल्गेरियाने आपल्या पिरिन भागातील शाळांत मॅसिडोनियन शिकवू दिली. १९४८ मध्ये टिटो आणि स्टालिन यांचे बिनसले आणि ते शिकवणे थांबले. मॅसिडोनिया १९९१ साली स्वतंत्र झाला. जानेवारी १९९२ मध्ये त्याला सर्वांआधी मान्यता दिली ती बल्गेरियानेच. पण राज्याला, भाषेला नव्हे. मग पंचाईत अशी झाली की दोन देशांत करार झाला तर तो कोणत्या भाषेत लिहिला म्हणावे? या एका शब्दापायी कितीतरी करार सह्यांवाचून पडून राहिले. १९९९ च्या फेब्रुवारीत तोड निघाली : त्या त्या देशाच्या राज्यघटनेप्रमाणे जी राजभाषा, तिच्यात करार लिहिला. म्हणजे शब्दही राहिला आणि मानही राहिला!

ग्रीसशी तडजोड १७ जून २०१८ रोजी प्रेस्पा सरोवराच्या काठी झाली. देशाने 'उत्तर मॅसिडोनिया' हे नाव घेतले. भाषेचे नाव 'मॅसिडोनियन' हेच राहिले. मात्र ती दक्षिण स्लाव्ह गटातील असून प्राचीन ग्रीक संस्कृतीशी तिचा संबंध नाही, हे करारातच लिहिले गेले. शिकंदराचा प्रश्न असा मिटला. बल्गेरियाचा मिटला नाही. २०२० साली बल्गेरियन विज्ञान अकादमीने ही बल्गेरियनचीच प्रादेशिक लेखी पद्धत आहे असे पुन्हा मांडले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात बल्गेरियाने उत्तर मॅसिडोनियाची युरोपीय संघाच्या दारातली वाट अडवली. इतिहास आणि भाषा हीच त्यामागची मुख्य कारणे होती. २०२२ मध्ये फ्रान्सच्या मध्यस्थीने वाट थोडी मोकळी झाली आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात युरोपीय संघाशी सीमारक्षणाचा एक करार मॅसिडोनियन भाषेतही झाला.

श्रोतेहो, 'ही भाषा १९४५ साली सरकारी हुकुमाने जन्मली' हा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो जरा तपासून पाहू. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ साली छापले गेले, म्हणून मराठी १८३६ साली जन्मली असे कोणी म्हणत नाही. आपल्यापाशी ज्ञानेश्वरांपासूनचे वाङ्मय होते, तसे मॅसिडोनियन लोकांपाशी स्वतःच्या नावाने सलग नव्हते, हा फरक खराच. पण हुकूम निघतो तो वर्णमालेचा आणि शुद्धलेखनाचा. आजीची भाषा हुकुमाने तयार होत नाही. दुसऱ्या बाजूनेही तितकेच सांगितले पाहिजे : जुन्या मंडळींनी आपल्या बोलीला बल्गेरियन म्हटले असेल, तर ते पुसून टाकण्याचे कारण नाही. पणजोबांनी स्वतःला काय म्हटले ते पणजोबांचे. पणतू स्वतःला काय म्हणतो ते ठरवण्याचा हक्क पणतूचा.

कोकणीला स्वतंत्र भाषा म्हणावे की मराठीची बोली, यावर आपल्याकडेही पुष्कळ शाई खर्ची पडली. १९७५ साली साहित्य अकादमीने कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा मानले आणि १९९२ साली ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. त्यामुळे मराठीचे एक अक्षरही कमी झाले नाही. बल्गेरियनचेही होणार नाही.

या कथेत राजे आले, तह आले, समित्या आल्या. पण सर्वांत जास्त सोसले ते शाळेतल्या पोराने. घरून जे बोलत आला ते चूक, असे त्याला ग्रीक गुरुजींनी सांगितले, बल्गेरियन गुरुजींनी सांगितले आणि सर्बियन गुरुजींनीही सांगितले. प्रमाणभाषा शिकवणे हे गुरुजींचे कामच आहे. तिच्यावाचून पोराला जगाची दारे उघडत नाहीत. पण पोराची बोली चुकीची ठरवून ती शिकवावी लागते, असे मात्र नाही. वाडीवस्तीवरचा एखादा मुलगा उद्या वर्गात घरच्या बोलीतला शब्द बोलला, तर आधी त्याचा अर्थ त्याच्याकडूनच ऐकून घ्यावा, मग फळ्यावर शेजारी प्रमाण शब्द लिहावा. दोन्ही शब्द फळ्यावर मावतात.